गिअरपेटी उघडण्याआधी थांबा! जुन्या आऊटबोर्ड इंजिनच्या दुरुस्तीतला खरा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण किनारपट्टीवरच्या एका छोट्या पण चांगल्या धंद्याची ओळख करून घेतली. धंदा आहे जुन्या आऊटबोर्ड इंजिनची दुरुस्ती. व्हिडिओत सगळं सांगता येत नाही, म्हणून हा लेख. त्यातही आज एकच तक्रार घेऊ, "गिअर नीट पडत नाही". ही तक्रार हाताळायची शिस्त तुम्हाला जमली, तर बाकीच्या दुरुस्त्यांनाही तीच शिस्त लागू पडते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. बोटीला ब्रेक नसतो. जेटीला लागताना बोट थांबवायची ती रिव्हर्स टाकूनच. रिव्हर्स पडला नाही तर बोट दगडी जेटीवर आदळते, नाहीतर शेजारच्या बोटीवर. आणि फॉरवर्ड सुटला तर? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओढ काय असते हे तिथल्या माणसाला विचारा. बोटीत आठ-दहा पर्यटक आहेत, मुखावर लाटा फुटतायत आणि इंजिन नुसतं आवाज करतंय, पंखा फिरत नाही. म्हणजे तुम्ही दुरुस्त करताय ती फक्त मशीन नाही. कुणीतरी त्या गिअरच्या भरवशावर माणसं घेऊन पाण्यात जाणार आहे.

हा धंदा आहे कुठे?

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आपला किनारा आहे. मोठ्या मच्छीमार बोटींना आत बसवलेलं डिझेल इंजिन असतं, तो वेगळा विषय. पण लहान फायबर होड्या, डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी, स्कूबा आणि जलक्रीडावाले, खाडीत फिरवणाऱ्या बोटी यांच्या मागे आऊटबोर्ड लटकलेलं दिसेल. मालवण, तारकर्ली, दापोली-हर्णै, मुरूड, अलिबाग, कुठेही जा. नवीन इंजिन महाग, म्हणून बरेच जण जुनं घेतात आणि वर्षानुवर्षं चालवतात. खारं पाणी आपलं काम करत राहतं. तिथे तुमची गरज लागते.

सीझनमध्ये एक दिवस बोट बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना, या दिवसांत बोटवाल्याला स्वस्त मेकॅनिक नको असतो. नेमकं काय बिघडलंय हे पटकन आणि खरं सांगणारा माणूस हवा असतो. आजच्या लेखाचा मुद्दा हाच आहे. या धंद्यात पैसे पाना फिरवण्याचे कमी मिळतात, निदानाचे जास्त मिळतात.

आत नेमकं काय असतं?

आधी यंत्र समजून घ्या, मग तक्रार समजेल.

इंजिन वर असतं. त्यातून एक उभा शाफ्ट खाली येतो. त्याच्या टोकाला लहान दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. खाली पंख्याचा आडवा शाफ्ट असतो, आणि त्यावर दोन गिअर बसलेले असतात, एक फॉरवर्डचा, एक रिव्हर्सचा. हे दोन्ही गिअर पिनियनला कायम जोडलेलेच असतात आणि इंजिन चालू असताना उलटसुलट दिशेने फिरत असतात. पण ते पंख्याच्या शाफ्टवर मोकळे असतात, म्हणून न्यूट्रलला पंखा फिरत नाही.

या दोघांच्या मध्ये एक जाड, खाचा असलेला पोलादी तुकडा असतो. तो म्हणजे डॉग क्लच. तुम्ही हँडल पुढे केलं की केबल ओढली जाते, इंजिनवरची दांडी हलते, उभा शिफ्ट रॉड हलतो, खालचा कॅम सरकतो आणि डॉग क्लच फॉरवर्ड गिअरच्या खाचांत जाऊन अडकतो. मागे केलं की रिव्हर्सच्या खाचांत.

आता ही साखळी बघा: हँडल, केबल, इंजिनवरची दांडी, शिफ्ट रॉड, कॅम, डॉग क्लच, गिअर, पंख्याचा शाफ्ट आणि शेवटी पंखा. बिघाड या नऊपैकी कुठल्याही कडीत असू शकतो. बोटवाल्याला मात्र सगळ्याचं लक्षण एकच दिसतं. तो तुमच्याकडे येऊन म्हणणार, "गिअर पडणा नाय रे!"

नवशिका मेकॅनिक इथेच फसतो. 'गिअर' शब्द ऐकला की तो थेट गिअरपेटी खोलायला घेतो.

बाहेरच्या पाच तपासण्या

सुरुवात सुरक्षिततेने. इंजिन बंद, किल स्विचची दोरी काढलेली, प्लगच्या टोप्या काढलेल्या, बॅटरी असेल तर तिची वायर सुटी. पंख्याला हात लावण्याआधी हे झालंच पाहिजे. यात "एवढ्याने काय होतंय" चालणार नाही.

1. हँडल आणि न्यूट्रलचं बटन. रिमोट कंट्रोलच्या बऱ्याच हँडलना एक बटन किंवा छोटा लिव्हर असतो. तो ओढला की गिअर न पडता फक्त रेस वाढते. इंजिन गरम करण्यासाठी ती सोय असते. हे बटन मीठ आणि गंजाने अडकून बसलं, तर हँडल मस्त पुढे जातं, रेस वाढते, पण गिअर पडतच नाही. खर्च किती? साफसफाई आणि ग्रीस.

2. केबल. केबल इंजिनच्या बाजूने सोडवा. आता हँडल हलवून बघा. अजूनही जड लागतंय? मग बिघाड हँडलमध्ये किंवा केबलमध्ये आहे, इंजिनमध्ये नाही. हँडल हलकं झालं? मग पुढच्या कडीकडे चला. आतून गंजून फुगलेली केबल तेल सोडून चार दिवस चालेल, पाचव्या दिवशी समुद्रात अडकेल. ती बदलायचीच. नवीन बसवताना तीव्र वळण देऊ नका.

3. इंजिनवरची दांडी आणि जुळणी. एका माणसाला पंखा हाताने हळूहळू फिरवायला सांगा आणि तुम्ही दांडी हाताने हलवा. पंखा न फिरवता जबरदस्ती करू नका, कारण खाचा समोरासमोर आल्याशिवाय डॉग क्लच आत जात नाही. न्यूट्रलला पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरायला हवा. फॉरवर्ड आणि रिव्हर्सला तो अडकायला हवा. काही मॉडेलमध्ये फॉरवर्डला पंखा एका दिशेने कट-कट करत फिरतो, त्याला बिघाड समजू नका. हाताने दोन्ही गिअर व्यवस्थित पडले, पण केबल जोडल्यावर एकच पडतो? मग केबलची जुळणी चुकली आहे. हँडल न्यूट्रल, दांडी न्यूट्रल, आणि केबलच्या टोकाचा जॉइंट फिरवून त्याचं भोक पिनवर न ओढता बसेल असं करा. जॉइंट आट्यांवर पुरेसा आत गेलेला हवा आणि लॉक नट घट्ट. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये तर किमान 8 मिलिमीटर आत असावा असं दिलेलं असतं. आणि हो, दांडीच्या सांध्यातले प्लास्टिकचे बूश बघायला विसरू नका. ते झिजले की हँडलचा अर्धा प्रवास ढिलाईतच जातो.

4. पंखा. इंजिन ओरडतंय पण बोट पळत नाही, ही तक्रार कित्येकदा गिअरची नसतेच. बऱ्याच पंख्यांच्या मध्ये रबरी बूश असतो. दगडाला पंखा लागला तर गिअर वाचावेत म्हणून तो असतो. तो सुटला की आतला भाग फिरतो आणि बाहेरची पाती मागे राहतात. तपासणी सोपी आहे. आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा. बोट पाण्यात चालवून आणा. रेघ तुटून बाजूला सरकली? बूश गेला. लहान इंजिनांत बूशच्या जागी शिअर पिन असते, ती मोडलेली असू शकते. आवाजानेही फरक कळतो. बूश सुटला तर रेस गुपचूप चढते. डॉग क्लच सुटत असेल तर ताण आल्यावर "खट-खट-खट" असे ठोके बसतात.

आणखी एक तक्रार असते, "रिव्हर्स घेत नाही". रिव्हर्स टाकल्यावर इंजिन वर उचललं जातंय का बघा. तसं असेल तर गिअर ठीक आहे, इंजिन खाली धरून ठेवणारा रिव्हर्स लॉक काम करत नाही.

5. गिअर ऑइल. पेटी न उघडता पेटीच्या आतली बातमी देणारी ही तपासणी. खालचा स्क्रू काढून थोडं ऑइल कागदावर घ्या. दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. चुंबक असलेल्या स्क्रूवर बारीक, काळसर लेप असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. पण नखाला टोचतील असे पोलादाचे कण असतील, तर आत काहीतरी तुटलंय. पंखा काढून शाफ्टही बघा. जाळ्याचा तंगूस तिथे गुंडाळला गेला की ऑइल सील कापतो आणि पाणी आत शिरतं. किनाऱ्यावर हे नेहमीचं आहे.

आता पेटी उघडायची वेळ

हाताने दांडी हलवूनही गिअर पडत नाही, ताण आल्यावर ठोके देत सुटतो, किंवा ऑइलमध्ये कण आहेत, तेव्हाच पेटी उतरवायची. त्याआधी इंजिनच्या क्लॅम्पवरच्या पट्टीचा फोटो घ्या. मॉडेल आणि सिरियल नंबरशिवाय बरोबर पार्ट येत नाही. त्या मॉडेलचं मॅन्युअल मिळवा. शिफ्ट रॉड कुठे सुटतो आणि पेटी काढताना इंजिन कुठल्या गिअरमध्ये ठेवायचं, हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं.

आत डॉग क्लचचे कोपरे बघा. नवीन असताना ते धारदार चौकोनी असतात. गोल झाले असतील तर ताणाखाली क्लच बाहेर ढकलला जातो. अशा वेळी फक्त क्लच बदलून भागत नाही, त्याला अडकणाऱ्या गिअरच्या खाचाही तपासा. नव्या क्लचला जुनी गोल खाच म्हणजे महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा. शिफ्ट रॉड आणि कॅमची झीजही बघून घ्या.

पेटी उतरवलीच आहे तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर आणि सगळे सील बदलून टाका. मजुरी एकदाच लागते, ग्राहकाला हे पटतं. उभा शाफ्ट उलटा फिरवू नका, इम्पेलरची पाती उलटी वळतात. बसवताना शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लावा, पण शाफ्टच्या वरच्या टोकावर ग्रीसचा थर नको, पेटी पूर्ण बसत नाही. ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर खालचा. दोघांचे वॉशर नवीन.

शिम आणि गिअरमधली फट बसवणं हे डायल गेजचं काम आहे. पहिल्या वर्षी ते अनुभवी वर्कशॉपकडे द्या आणि शेजारी उभं राहून शिका.

आता गणित बघूया

खालचे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही भरा.

समजा महिन्यात गिअरच्या 10 तक्रारी आल्या.

मेकॅनिक 'अ' प्रत्येक पेटी उघडतो. एका कामाला दीड दिवस, मजुरी 3,000. म्हणजे 15 दिवसांत 30,000. रोजचे 2,000.

मेकॅनिक 'ब' आधी तपासणी करतो. तपासणी फी 500, वेळ तासभर. दहा तपासण्यांचे 5,000, वेळ साधारण एक दिवस. समजा त्यातली 6 कामं केबल, जुळणी, बूश अशी बाहेरची निघाली. अर्धा दिवस आणि मजुरी 1,000 धरली तर 3 दिवसांत 6,000. उरलेल्या 4 पेट्या उघडल्या, 6 दिवसांत 12,000. एकूण 10 दिवसांत 23,000. रोजचे 2,300.

फरक 300 चाच दिसतोय ना? आता पुढे बघा. 'ब'कडे अजून 5 दिवस मोकळे आहेत, तो दुसरी कामं घेऊ शकतो. आणि 'अ'च्या त्या सहा बोटी? त्यांची केबल खराब होती, पेटी उघडून तिचं काय झालं? तक्रार तशीच. त्या सहा जण परत येणार, भांडणार आणि जेटीवर बसून इतरांना सांगणार. किनाऱ्यावर बातमी व्हॉट्सॲपपेक्षा जेटीवर लवकर पसरते.

म्हणून तपासणी फी घ्यायला लाजू नका. पण ती आधी सांगा. "काका, आधी पाचशे रुपयांत पूर्ण तपासून देतो. काम इथेच केलंत तर मजुरीत वळते करू." आणि काय सापडलं ते कागदावर लिहून द्या. बदललेला जुना पार्ट ग्राहकाच्या हातात ठेवा. विश्वास बसायला याहून चांगली जाहिरात नाही.

'नाही' म्हणायलाही शिका

प्रत्येक इंजिन दुरुस्त करण्यासारखं नसतं. एव्हिनरूड इंजिनांचं उत्पादन कंपनीने 2020 मध्ये बंद केलं, अशा जुन्या मॉडेलचे पार्ट मिळतात का, किती दिवसांत, हे ॲडव्हान्स घेण्याआधी विचारा. पेटीच गंजून पोकळ झाली असेल, गिअर, क्लच, शाफ्ट सगळंच गेलं असेल, तर खर्चाची बेरीज मांडून ग्राहकाला सरळ सांगा की यात पैसे घालू नका.

आणि कधीकधी ग्राहक म्हणेल, "एवढा शनिवार-रविवार निघू दे, मग करू." ठोके देणाऱ्या गिअरवर प्रवासी बसवायला हो म्हणू नका. बिलावर स्पष्ट लिहा, "प्रवासी वाहतुकीस योग्य नाही, दुरुस्ती आवश्यक." तो रागावेल, पुढच्याकडे जाईल. जाऊ दे. एका दिवसाच्या मजुरीसाठी कुणाचा जीव पणाला लावणारा धंदा आपल्याला करायचा नाही.

दुरुस्ती झाल्यावर ग्राहकाला गिअर कसा टाकायचा तेही दोन मिनिटं शिकवा. रेस पूर्ण खाली, न्यूट्रलला क्षणभर थांबायचं, मग एका दमात ठामपणे हँडल पुढे किंवा मागे. पुष्कळांना वाटतं, हळूहळू टाकला की गिअर टिकतो. उलट आहे! हळू सरकवलं की खाचांचे कोपरे एकमेकांवर घासत राहतात आणि गोल होतात.

सुरुवात कशी कराल?

*शिक्षण:* मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत डिझेल इंजिनचं शिक्षण मिळतं, आयटीआयचा मेकॅनिकचा कोर्सही पाया म्हणून चांगला. पण आऊटबोर्डचा हात बसायला चालू वर्कशॉपमध्ये एक पूर्ण सीझन काढा.

*साधनं:* चांगले पाने, टॉर्क रेंच, सर्क्लिप प्लायर, पुलर, इंजिन टांगायचा स्टँड, चाचणीसाठी पाण्याचं मोठं पिंप. पिंपात रेस वाढवू नका, खरी चाचणी पाण्यात बोटीवरच.

*भांडवल:* मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

*कॅलेंडर:* पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद, जलक्रीडाही बंद. लोकांना वाटतं हा मेकॅनिकचा रिकामा काळ. खरं तर हीच तुमची कापणी! बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, मालक घरी. मे महिन्यातच फिरून "पावसाळी सर्व्हिस"चं बुकिंग घ्या: गिअर ऑइल, इम्पेलर, केबल तपासणी, ग्रीसिंग, एक ठराविक दर. सीझनमध्ये पेटी उघडायची वेळ कमी येईल आणि तुमचं वर्षभराचं उत्पन्न सपाट राहील.

या आठवड्याचा गृहपाठ

1. जवळच्या जेटीवर जा आणि आऊटबोर्ड असलेल्या बोटी मोजा. कंपनी आणि अश्वशक्ती वहीत लिहा.
2. पाच बोटवाल्यांना एकच प्रश्न विचारा: "शेवटचं इंजिन बंद पडलं तेव्हा किती दिवस गेले?" मध्ये बोलू नका, ऐका.
3. वरच्या पाच तपासण्यांचं एक पानाचं कार्ड मराठीत बनवा. तेच तुमचं पहिलं बिलबुक आणि तेच तुमचं व्हिजिटिंग कार्ड.

बोटी भरपूर निघाल्या आणि दिवस फुकट जाण्याच्या गोष्टीही भरपूर ऐकायला मिळाल्या, तर मार्केट तुमच्या समोर आहे. पुढच्या व्हिडिओत याच पावसाळी सर्व्हिसचं पॅकेज कसं बनवायचं आणि त्याचा दर कसा ठरवायचा ते बघू. तोपर्यंत वही भरून ठेवा!